दोन कपाटे भंगारात देण्यापूर्वी : ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात पुस्तक बदलायला आले असता, जिन्याजवळच्या फलकावर अभ्यासिकेच्या वेळापत्रकाखाली लावलेला चार ओळींचा एक कागद वाचला. वापर नसल्याने ध्वनिविभाग कायमचा बंद करण्यात येत असून त्यातील सीडींचे निर्लेखन करून, म्हणजे त्या नोंदीतून कमी करून, त्यांची विल्हेवाट लावण्यात येईल, असे त्यावर लिहिले होते. ‘विल्हेवाट’ म्हणजे काय, असे देवघेवीच्या टेबलाशी विचारले, तेव्हा कळले की डब्या आणि आतल्या पुस्तिका रद्दीत जातील आणि तबकड्या भंगारवाल्याला वजनावर दिल्या जातील. मी या ग्रंथालयाची सव्वीस वर्षांची सभासद आहे. हे पत्र मी आपल्या कार्यालयात दिले आहेच. पण ज्या सभासदांनी तो कागद पाहिलेला नाही आणि ज्या इतर ग्रंथालयांत असाच ठराव उद्या मांडला जाईल, त्यांनीही ते वाचावे म्हणून जाहीर करत आहे. संस्थेचे नाव मात्र लिहीत नाही, कारण मला ठराव बदलून हवा आहे, संस्थेची नाचक्की नको आहे.

माझे म्हणणे एकाच सीडीच्या आधाराने मांडते. दोन कपाटांतल्या सगळ्या ऐवजाबद्दल बोलायला गेले तर ते मोघम होईल, आणि मोघम बोलण्याला ‘बघू’ एवढेच उत्तर मिळते.

ती सीडी म्हणजे फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश वाद्यवृंदाचा ‘लीज अँड लीफ’ हा संग्रह. मूळ ध्वनिमुद्रिका डिसेंबर १९६९ मध्ये आयलंड या कंपनीने काढली. आपल्याकडे आहे ती २००२ साली दोन जादा गाण्यांसह पुन्हा प्रसिद्ध झालेली आवृत्ती. ज्या निवृत्त प्राध्यापकांनी आपला सगळा संग्रह ग्रंथालयाला दिला, त्यांच्याबरोबर ती इथे आली. मी ती पहिल्यांदा घरी नेली तेव्हा मला इंग्लंडच्या लोकसंगीताची काहीही माहिती नव्हती. मुखपृष्ठावरचे चेहरे आवडले, एवढेच कारण.

घरी आई होती. ती भोरकडच्या एका खेड्यात वाढलेली, पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणणाऱ्या बायकांमधली. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नसे. तिसरे गाणे लागले, ‘मॅटी ग्रोव्ह्ज’, आणि ते चांगले आठ मिनिटांचे आहे. निम्म्यावर आल्यावर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “ही बाई गाणं म्हणत नाहीये, गोष्ट सांगतीये. कुणीतरी मरणार आहे यात.” तिचे म्हणणे खरे होते. त्या गाण्यात सरदाराची बायको गरीब मॅटीला घरी बोलावते, नोकर धावत जाऊन धन्याला वर्दी देतो, धनी येऊन आधी मॅटीला आणि मग बायकोला मारतो. वाद्यवृंदाची गायिका सँडी डेनी ही सगळी हकीकत एकाच संथ, सरळ आवाजात सांगते. कुणाची कड घेत नाही, कुठे हुंदका आणत नाही. आणि गोष्ट संपल्यावर गिटार आणि फिडल (व्हायोलिन) यांची जी झटापट सुरू होते, तिच्यात तो सगळा दाबून ठेवलेला कल्लोळ बाहेर पडतो. आईने ते गाणे पुन्हा लावायला सांगितले.

त्या रात्री मी डबीतली पुस्तिका काढून वाचायला बसले, आणि तिथून पुढची माझी वीस वर्षे त्या वाचनाने व्यापली आहेत. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी दोन कपाटांपुरता नाही.

या वाद्यवृंदाची हकीकत मंडळाने एकदा तरी ऐकावी. १२ मे १९६९ च्या पहाटे, बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून लंडनला परतताना, एम-१ महामार्गावर त्यांच्या गाडीला भीषण अपघात झाला. अवघ्या एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लँबल आणि गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन त्यात गेले. मागे राहिलेल्यांनी पुन्हा वाजवायचे की नाही याचा विचार केला आणि वाजवायचे ठरवले. त्या उन्हाळ्यात हॅम्पशरमधल्या फार्ली चेंबरलेन या लहानशा गावी एक जुने घर भाड्याने घेऊन ते एकत्र राहिले. डेव्ह मॅटॅक्स हा नवा ड्रमवादक आला. फिडलवादक डेव्ह स्वॉर्ब्रिक याने आधीच्या संग्रहात पाहुणा म्हणून वाजवले होते, तो आता कायमचा सामील झाला. अ‍ॅशली हचिंग्ज हा बेस-गिटारवादक लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधल्या ग्रंथालयात बसून जुन्या गीतांच्या संहिता चाळू लागला. शरद ऋतूत चेल्सीच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत निर्माता जो बॉइड याच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण झाले. संग्रह बाजारात येण्यापूर्वीच डेनी आणि हचिंग्ज दोघेही वाद्यवृंदातून बाहेर पडले होते. म्हणजे जे सहा जण एकत्र बसून हे वाजवत होते, ते अर्ध्या वर्षाच्या आत विखुरले. त्यांच्या त्या काही महिन्यांचा ऐवज या तबकडीवर आहे, आणि तो घडला याच्या मुळाशी एक ग्रंथालय आहे, हे मी ग्रंथालयाच्या विश्वस्तांपुढे मुद्दाम लिहीत आहे.

सेसिल शार्प हे नावही मला त्याच वाचनातून कळले. १९०३ साली सॉमरसेट परगण्यातल्या हॅम्ब्रिज गावी त्यांनी जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याला बागेत काम करताना गाणे म्हणताना ऐकले आणि ते टिपून घेतले. तिथून त्यांचा हजारो गाण्यांचा संग्रह उभा राहिला. त्यांच्याही आधी हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी इंग्लंड-स्कॉटलंडच्या ३०५ कथागीतांची पाठभेदांसह मांडणी केली होती. ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ त्यात ८१ व्या क्रमांकावर आहे. ज्यात जॅनेट आपल्या प्रियकराला पऱ्यांच्या राणीच्या तावडीतून सोडवण्यासाठी, तो नाना रूपे पालटत असतानाही, घट्ट धरून ठेवते ते ‘टॅम लिन’ ३९ व्या. ‘फेअरवेल, फेअरवेल’चे शब्द थॉम्पसनचे, पण चाल ‘विली ओ’ विन्सबरी’ या शंभराव्या क्रमांकाच्या गीताची. त्या माळ्याचे नाव सव्वाशे वर्षांनी मला पुण्यात बसून माहीत आहे, कारण कुणीतरी ते लिहून ठेवले आणि नंतरच्या प्रत्येकाने ती नोंद जपली. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि तिच्या गावाच्या नावानिशी. गाणे वाऱ्यावर राहत असेल, पण ते कुणाकडून आले ही माहिती कागदावरच राहते. सीडीच्या डबीतली पुस्तिका हा तो कागद आहे, आणि आपण तो रद्दीत घालायला निघाला आहात.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ठरावाच्या पद्धतीबद्दल आहे. संग्रहातला एक अख्खा विभाग काढून टाकण्याचा निर्णय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हता. मी त्या सभेला हजर होते. छताची गळती, पार्किंग आणि दिवाळी अंकांची योजना यांवर दीड तास चर्चा झाली. ध्वनिविभागाचा उल्लेखही झाला नाही.

दुसरी तक्रार ‘वापर नाही’ या कारणाबद्दल, आणि ती मला सर्वांत अधिक सलते. विभागात दोन हेडफोन असलेला एक सीडी-प्लेअर होता. तो बिघडल्याला दोन वर्षे होऊन गेली. मी स्वतः अभिप्राय वहीत तीनदा लिहिले. दुरुस्ती झाली नाही, नवा घेतला गेला नाही. सूचीचे म्हणाल, तर संगणकावर या सगळ्या सीडी ‘इंग्रजी गाणी १’, ‘इंग्रजी गाणी २’ अशा नावांनी चढवल्या आहेत. ज्याला फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हवा आहे त्याने तो शोधायचा कसा? कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते दुपारी चारनंतर नसतात, आणि नोकरी करणारे सभासद सहानंतर येतात. ऐकायला यंत्र नाही, शोधायला नाव नाही, उघडायला किल्ली नाही, आणि मग नोंदवहीत देवघेव शून्य दिसते म्हणून विभाग बंद. मंडळातल्या कुणाही सदस्याने पुस्तकांच्या बाबतीत हा युक्तिवाद मान्य केला असता का?

तिसरी तक्रार जपणुकीची आहे. हे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून आहे आणि पावसाळ्यात ती भिंत घाम फुटल्यासारखी ओली होते. कित्येक पुस्तिकांची पाने एकमेकांना चिकटली आहेत. त्याहून वाईट म्हणजे दाखल क्रमांकाच्या चिकटपट्ट्या डबीवर न लावता थेट तबकडीच्या छापील बाजूवर लावल्या आहेत. पुष्कळांचा समज असतो की सीडीची खालची, चकाकणारी बाजू नाजूक असते. वास्तविक खालच्या बाजूला पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा थर असतो. ध्वनी ज्यावर उमटलेला असतो तो अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ पापुद्रा छापील बाजूच्या लगेच खाली असतो, आणि त्याच्यावर फक्त लाखेचे आवरण असते. चिकटपट्टी ओढून काढली तर तो पापुद्रा तिच्याबरोबर निघून येऊ शकतो. म्हणून माझी कळकळीची विनंती, की निदान या पत्राचे उत्तर देईपर्यंत कुणीही त्या पट्ट्या खरवडू नयेत.

चौथी तक्रार देणगीदारांविषयी. त्या प्राध्यापकांनी आपला संग्रह विकला असता तर त्यांना चांगली रक्कम मिळाली असती. तसे न करता त्यांनी तो इथे दिला, आणि स्वीकाराच्या छोट्या समारंभात ‘हा ठेवा सभासदांसाठी कायम खुला राहील’ असे मंडळाच्या वतीने व्यासपीठावरून सांगितले गेले. ते आज हयात नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांना या ठरावाची कल्पना देण्यात आलेली नाही, हे मी त्यांच्याशी बोलूनच लिहीत आहे.

मंडळातील एका सदस्यांनी मला सांगितले की आता हे सगळे मोबाइलवर मिळते, मग कपाटे कशाला अडवायची. हा मुद्दा मी गंभीरपणे घेतला आणि घरी बसून तपासला. ‘लीज अँड लीफ’ मोबाइलवर मिळते, हे खरे आहे. पण तिथे मुखपृष्ठाचे टिकलीएवढे चित्र आणि गाण्यांची यादी दिसते. पुस्तिका नाही. मूळ ध्वनिमुद्रिकेच्या उघडणाऱ्या वेष्टणात आतल्या बाजूला लोकगीतांचे संग्राहक आणि लोकप्रथा यांच्याविषयी चित्रे आणि टिपा छापलेल्या होत्या. या संग्रहाच्या निर्मात्यांना श्रोत्याने काय वाचत ऐकावे असे वाटत होते, ते त्यावरून कळते. मोबाइलवर त्याचा मागमूस नाही.

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे, पण माझ्या मते निर्णायक आहे. मूळ संग्रहात आठ गाणी होती, एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार. ‘क्रेझी मॅन मायकल’ हे शेवटचे. एका पक्ष्याला मारून आपल्याच प्रेयसीचा जीव घेतल्याचे ज्याला नंतर उमगते, अशा माणसाचे हे गाणे, थॉम्पसनच्या शब्दांत आणि स्वॉर्ब्रिकच्या चालीत. ते संपले की सुई उचलली जाई आणि खोलीत शांतता होई. २००२ च्या आवृत्तीत त्यानंतर ‘सर पॅट्रिक स्पेन्स’ आणि ‘द क्वाएट जॉइज ऑफ ब्रदरहूड’ ही त्या काळची, पण मूळ संग्रहात न घेतलेली गाणी जोडली आहेत. सीडी हातात असते तेव्हा डबीवर वाचून कळते की इथे संग्रह संपला आणि इथून पुढे पुरवणी आहे. एखाद्या संपादित काव्यसंग्रहात शेवटी परिशिष्ट असावे तसे. मोबाइलवर एकामागून एक गाणी ओघळत राहतात; कुठे मूळ संपले आणि कुठे संपादकाचा हात लागला, हे ऐकणाऱ्याला समजत नाही. पुस्तकाच्या पहिल्या आणि सुधारित आवृत्तीत फरक असतो, हे ग्रंथालयाने सांगायचे असते. ध्वनीच्या बाबतीतही तेच आहे.

आणि ती पुरवणी क्षुल्लक नाही. ‘सर पॅट्रिक स्पेन्स’ हे गाणे या वाद्यवृंदाच्या १९७० च्या ‘फुल हाउस’ या पुढच्या संग्रहात आले, तेव्हा डेनी त्यांच्यात नव्हती. तिच्या आवाजातले ते गाणे पुनर्प्रकाशित आवृत्तीमुळे श्रोत्यांच्या हाती आले. सँडी डेनी १९७८ च्या एप्रिलमध्ये, एकतिसाव्या वर्षी गेली. तिच्यासारख्या गायिकेचे एक गाणे अधिक मिळणे याचे मोल वजनकाट्यावर ठरवता येत नाही. पुढे २००७ मध्ये दोन तबकड्यांची आणखी मोठी आवृत्ती निघाली. म्हणजे एकाच संग्रहाची वेगवेगळी रूपे आज अस्तित्वात आहेत, आणि आपल्याकडचे रूप कोणते हे सांगणारा पुरावा आपल्या कपाटात आहे.

जागेचा प्रश्न मला कळतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले सकाळी सातपासून जिन्यावर बसून वाचतात, हे मी रोज पाहते, आणि त्यांना जागा मिळायलाच हवी असे माझेही मत आहे. पण ती दोन कपाटे भिंतीलगत मिळून सहा-सात फूट जागा घेतात. तिथे फार तर दोन खुर्च्या बसतील. त्याच दालनात गेल्या कित्येक वर्षांचे वार्षिक अहवाल गठ्ठ्यांनी पडून आहेत. त्यांच्या चार-चार प्रती ठेवून बाकीचे हलवले तर याहून अधिक जागा मोकळी होईल. हा पर्याय विचारात घेतला गेला का, हे मला इतिवृत्तात वाचायला आवडेल.

त्या कपाटांत केवळ इंग्रजी संगीत नाही, हेही नमूद करते. जुन्या नाट्यपदांच्या, भजनांच्या, लोकगीतांच्या सीडी त्याच ढिगात आहेत, आणि त्याच न्यायाने त्याही जाणार आहेत. त्यांतल्या किती आज बाजारात मिळतात, हे ठराव करण्यापूर्वी कुणीही पडताळलेले नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

विल्हेवाटीच्या ठरावाला तातडीने स्थगिती द्यावी आणि तशी सूचना त्याच फलकावर लावावी. विषय विशेष सर्वसाधारण सभेपुढे किंवा निदान येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा, आणि देणगीदारांच्या कुटुंबीयांना तिचे निमंत्रण द्यावे.

प्रत्येक सीडीची नीट नोंद करावी : संग्रहाचे नाव, कलावंत, मूळ प्रकाशनाचे वर्ष, हातातील आवृत्तीचे वर्ष, पुस्तिका आहे किंवा नाही. हे काम करायला मी आठवड्यातून दोन दुपारी विनामूल्य येईन. आणखी तीन सभासदांनी तयारी दाखवली आहे आणि त्यांची नावे मी कार्यालयात दिली आहेत.

कपाटे ओल्या भिंतीपासून हलवून आतल्या कोरड्या भिंतीला लावावीत. यापुढे दाखल क्रमांक डबीवर लिहावेत. चिकटलेल्या पुस्तिका कागदाच्या जतनाचे काम जाणणाऱ्या व्यक्तीला दाखवल्याशिवाय ओढून उघडू नयेत.

एक साधा सीडी-प्लेअर घ्यावा. तो ग्रंथालयाच्या खर्चाने शक्य नसेल तर आम्ही सभासद वर्गणी काढून देऊ. आणि किल्ली देवघेवीच्या टेबलाशी ठेवावी, म्हणजे संध्याकाळी येणाऱ्यांनाही कपाट उघडून मिळेल.

एवढे करूनही वर्षभरात कुणी फिरकले नाही, आणि सभेने विचारपूर्वक विभाग बंद करायचे ठरवले, तर माझी शेवटची मागणी अशी की संग्रह अखंड ठेवून, पुस्तिकांसह आणि यादीसह, तो सांभाळू शकणाऱ्या एखाद्या संगीत विभागाला किंवा ग्रंथालयाला द्यावा. तबकडी एकीकडे आणि पुस्तिका दुसरीकडे, असे कोणत्याही परिस्थितीत होऊ नये.

‘लीज अँड लीफ’ची ती सीडी या घडीला माझ्याच नावावर आहे. फलकावरचा कागद वाचल्यावर मी ती मुद्दाम घरी आणली आणि पुन्हा ऐकली. ती ठेवून घ्यावी, हरवली म्हणून दंड भरावा, असे मला दोघा-तिघांनी सुचवले. तसे मी करणार नाही, कारण ती माझी नाही, ग्रंथालयाची आहे. येत्या शनिवारी तिची मुदत संपते. त्या दिवशी दुपारी मी ती डबी आणि पुस्तिकेसह देवघेवीच्या टेबलावर परत करीन, ती जमा झाल्याची नोंद माझ्यासमोर करून घेईन आणि पुढच्या सोमवारी पुन्हा मागायला येईन. त्या सोमवारी ती कपाटात असावी, एवढी व्यवस्था मंडळाने करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक आजीव सभासद, पुणे